तासभर न ऐकलेले ठोके

कुसुम सिस्टर गेल्याचा त्यांच्या मुलीचा फोन आला, तेव्हा मी नर्सिंग शाळेत उत्तरपत्रिका तपासत होते. हातातली पूर्ण केली, गुणांची बेरीज केली आणि मग उठले. त्याला आता सव्वा महिना झाला.

वर्धा जिल्ह्यात बाळंतपणाचं काम शिकलेल्या आमच्यापैकी कितीतरी जणींची प्रात्यक्षिक परीक्षा सिस्टरांनी घेतली. सरळ चाललेलं बाळंतपण विनाकारण सुई, सलाइन, कात्री न लावता होऊ देता येतं का, हे त्या बघत. विद्यार्थिनीचा हात उगाच अवजारांच्या ट्रेकडे गेला, की गुण कापायला त्यांचं पेन चाले... हे सगळ्यांना ठाऊक होतं. तळेगावच्या दवाखान्यातली माझी नोकरी माझ्या परीक्षेच्या निकालावर अडली होती, म्हणून मी हात आवरायचं ठरवूनच गेले.

परीक्षेला मिळालेली बाई सिंदी रेल्वे गावची, पहिलटकरीण. मी तिला चालवलं, पाणी पाजलं, कंबर चोळली. तिची सासू कंटाळली.

"सुई लावून द्या ना बाई. मोठ्या सुनेले लावलती, घंट्याभरात मोकळी झाली."

"तुमाले कोनं लावलती, मावशी?" सिस्टरांनी विचारलं.

"आमाले कोन इचारे? मी तं वावरात निंदन करून आली अन् बाळंत झाली."

कळ ओसरताना सूनही हसली. मनातल्या मनात मी पास झाले होते. तेवढ्यात सिस्टर उठल्या, तिला कुशीवर निजवलं, पोटावर फीटोस्कोप टेकवून घड्याळाकडे बघत बाळाचे ठोके मोजले. ठीक होते. दर अर्ध्या तासाने ते मी ऐकायचे होते. दुपारी मुलगी झाली, टाका पडला नाही, आणि मी नापास झाले.

"मी कात्रीला हातही लावला नाही," मी म्हणाले.

"पोटालेही नाई लावला. तासभर लेकरू कसं हाये, कोनं पाह्यलं? चांगलं निघालं, त्यात तुह्यं काई नाई."

तळेगावची जागा दुसरीला मिळाली. पुढच्या परीक्षेत त्यांनीच मला पास केलं. तरी वर्षभर मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले.

शेवटची भेट पिपरी मेघेच्या त्यांच्या घरी. त्या डोळे मिटून पडल्या होत्या. त्रास नको म्हणून मी दाराजवळच्या खुर्चीत गप्प बसले. बऱ्याच वेळाने त्यांनीच डोळे उघडले.

"पाव्हनीसारखी काऊन बसून राह्यली? इकडं ये. दुखते का म्हनून इचार तरी."

मी खुर्ची पलंगापाशी ओढली आणि विचारलं. त्या सावकाश सांगत राहिल्या... कुठे दुखतं, कधी वाढतं, कोणत्या कुशीवर जरा बरं वाटतं.

परवा त्यांच्या मुलीला भेटायला त्याच घरी गेले होते. गादी गुंडाळून ठेवली आहे, औषधं हलवली आहेत. खुर्ची मात्र अजून पलंगाला लागूनच आहे.