खोक्यातलं सैन्य आणि माझं मत

बाहुली घ्यायची तर आधी तिला उलटी धरून बघायची, हे मला कुणी शिकवलं नाही. बघून बघून कळत गेलं. पुढून सगळ्याच गोड दिसतात. पाठीला रंग कसा मारलाय, तळ सपाट आहे का, मानेवरची साच्याची रेघ घासलीय का तशीच ठेवून दिलीय, यावरून करणाऱ्याची नियत समजते. आमच्या म्हैसूरला दसऱ्यात घरोघरी पायऱ्या रचून बाहुल्या मांडतात, आणि दर वर्षी एखादी तरी नवी आणायचीच असते. त्यामुळे आमच्या बन्नीमंटपाच्या गल्लीतल्या बायका पसंतीला मला दुकानात सोबत नेतात. मराठी घरात मूळची ही पद्धत नाही. सासूबाईंनी शेजारच्या कन्नड बायकांचं बघून सुरू केली आणि मला तिचं वेडच लागलं. कुणाचं नाक खरवडलं, कुणाचं बोट तुटलं, की खाच पुट्टीनं भरून रंग देणारी मीच. शाळा माझी फारशी झाली नाही, पण बाहुल्यांच्या बाबतीत लोक माझं मत विचारतात, आणि विचारलं की मला बरं वाटतं. खोटं कशाला बोलू?

म्हणून नातीनं तो खोका माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "आज्जी, हे सैन्य कसं आहे ते तू सांग," तेव्हा मी लगेच चष्मा पुसायला घेतला.

ही माझ्या मुलाची मुलगी. कंप्युटरवरची नोकरी करते. शनिवारी तिची मित्रमंडळी जमतात आणि टेबलावर लढाई खेळतात. बोटाच्या पेराएवढे शिपाई असतात, टेपनं अंतर मोजून ते पुढे सरकवायचे, फासे टाकायचे, कोण मेलं कोण उरलं ते ठरवायचं. लढाई आपल्या जगातली नव्हे, हजारो वर्षांनंतरची, दुसऱ्याच कुठल्या ग्रहावरची. नव्यानं खेळू लागणाऱ्यांसाठी कंपनी असा सुरुवातीचा खोका काढते. हिनं तो आणला होता, आणि तिच्या मैत्रिणी घ्यावा की नाही म्हणून थांबल्या होत्या. आज्जी काय म्हणते ते सांगते, असं त्यांना कबूल करून आली होती म्हणे.

गणपती नुकतेच झाले होते. मी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि आम्ही दोघी बसलो.

खोक्यावरचं चित्र पाहून मी आधी हरखलेच. जांभळ्या आभाळाखाली ही गर्दी, चिलखतातले शिपाई, मुंग्यांसारखे सहा पायांचे शत्रू, मागे घराएवढं चालतं यंत्र. झाकण काढलं तर आत करड्या प्लास्टिकच्या चौकटी. त्यांना हात, पाय, मुंडकी वेगवेगळी चिकटलेली. रंग नाहीत, गोंद नाही, ते निराळं आणायचं. आणि ते सहा पायांचे शत्रू तर मुळी नव्हतेच. मी विचारलं, यांनी लढायचं कुणाशी? ती हसली. शत्रू दुसऱ्या खोक्यात येतात म्हणाली. मी म्हटलं, ही शुद्ध फसवणूक आहे, जेवायला बोलवून ताटात नुसता भात वाढल्यासारखी. तिनं ते लगेच फोनवर मैत्रिणींना कळवलं.

पण कारागिरीला नावं ठेवायला जागा नव्हती, तेही मी सांगितलं. शिपायांच्या पट्ट्यावरची बक्कलंसुद्धा दिसत होती. त्यांच्या सरदारणीचा चेहरा मसूरडाळीएवढा, आणि तेवढ्यात कपाळाची आठी! मी भिंग लावून बघत राहिले. तुकडे पकडीनं तोडायचे, कानशीनं घासायचे, मग चिकटवायचे. मागच्या दसऱ्यात वरच्या पायरीवर बाहुली ठेवताना मी स्टुलावरून पडले होते, तेव्हापासून मनगटात जोर राहिला नाही. म्हणून तोडायचं काम तिचं आणि घासायचं माझं. सांधे असे बसत होते की चिकटवल्यावर रेघ शोधावी लागे. उणं एवढंच, की शिपाई सगळे एकाच पोजमध्ये उभे. हात एकाच तऱ्हेनं बसायचे, बदलायची सोय नाही. आणि त्या चालत्या यंत्राचा घोटा फार बारीक. मी तिला सांगितलं, हा वर्षभरात मोडणार, आत तार घाल.

असं आमचं रोज चाललं. ती ऑफिसातून यायची, कॉफी व्हायची, की टेबल. मी आज्जी-नात हे विसरून बोलायची. कुठली बाहुली कुठल्या साली आली, कुठली सासूबाईंनी माझ्याशी भांडून आणली, बाहुल्यांच्या दरबारातल्या कुठल्या शिपायाला मी दोनदा मिशा काढल्या. ती ऐकायची, मध्येच काहीतरी विचारायची. इतकं कुणी मला किती वर्षांत विचारलं नव्हतं. अशाच एका संध्याकाळी सरदारणीच्या डोळ्यात बुबुळ काढताना मी बोलून गेले, "आपल्या बाहुल्यांपेक्षा हिचे नाकडोळे किती रेखीव आहेत गं. आपल्या आता थकल्या." सुम्ने बोलले, उगीच, हातातल्या कामाच्या भरात. आपल्या म्हाताऱ्या मैत्रिणीला आपण थकली म्हणतो तसं. थकली म्हणून कुणी तिला घराबाहेर काढतं का?

शेवटी माझा निकाल असा झाला: सुरुवातीला खोका चांगला, हात बसायला उत्तम, पण याला सैन्य म्हणू नये, अर्धंच आहे, आणि चित्राला भुलू नये. तिच्या मैत्रिणींनी म्हणे तेवढ्यावर दोन खोके मागवले. मला अभिमान वाटला.

त्यानंतरच्या आठवड्यात, वार कामाचा आणि मुलगा घरीच. मी विचारलं तर म्हणाला, थोडं काम आहे. दहाच्या सुमाराला दारात एक टेम्पो थांबला. एक तरुण माणूस खोकी आणि स्पंजाच्या गुंडाळ्या घेऊन आत आला आणि थेट माळ्यावरच्या खोलीकडे बघू लागला, जिथे माझ्या बाहुल्या पेट्यांत असतात. गावाबाहेर, कडकोळच्या पुढे एक नवं हॉटेल झालंय, त्यांना यंदाच्या दसऱ्यापासून दर्शनी दालनात काचेमागे जुन्या बाहुल्या मांडायच्या होत्या. कायमच्या. मुलानं शब्द देऊन टाकला होता.

मुलगा समजावू लागला. मी पुन्हा पडले तर काय, आता स्टुलावर चढायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय, तिथे एसी आहे, वाळवी नाही, शेकडो लोक बघतील. सगळं खरं होतं. आणि मग तो म्हणाला, "आई, तूच म्हणालीस ना, आपल्या बाहुल्या आता थकल्या."

मी हे बोलले तेव्हा त्या टेबलाशी दोघीच होतो.

मी नातीकडे बघितलं. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती आणि बोटावर वाळलेला गोंद नखानं सोलत होती. तीच बोलली. बाबांनी सांगितलं होतं, आज्जीचं मन कुठवर तयार आहे ते बघ, हळूहळू विषय काढ. म्हणून ती खोका घेऊन बसली. "पण खोका मला खरंच हवा होता, आज्जी," म्हणाली. तेही खरं असेल. दोन्ही खरं असू शकतं. पण त्या सगळ्या संध्याकाळी मी शिपायांवर मत देत होते आणि ती माझ्यावर. मला विचारत होती ते सैन्याबद्दल, आणि ज्याबद्दल विचारायला हवं होतं ते कुणी विचारलंच नाही. विचारलं असतं तर मी रडले असते, दोन दिवस बोलले नसते, आणि मग बहुतेक हो म्हटलं असतं. माझं मनगट मला माहीत नाही का?

हॉटेलचा माणूस सज्जन होता. घरात काहीतरी बिनसलंय हे त्यानं ओळखलं. हातातली खोकी खाली ठेवून तो माझ्यासमोर आला आणि हळूच म्हणाला, "अम्मा, तगोंडु होगला?" म्हणजे नेऊ का.

आमच्याच घरात मला तेवढं विचारणारा तो पहिला माणूस. मी नाही म्हटलं असतं तर टेम्पो रिकामा गेला असता, हे सगळ्यांनाच माहीत होतं. मुलाच्या चेहऱ्यावर तर मी नाहीच म्हणावं असं काहीतरी आलं, म्हणजे मग त्याला माझी माफी मागून मोकळं होता आलं असतं. मी त्या माणसाला म्हटलं, न्या. लाकडी राजाराणीची जोडी तेवढी पुढे लेकीसुनांना द्यायची असते, ती काढून घेतली. बाकी प्रत्येक बाहुली मी माझ्या हातानं स्पंजात गुंडाळून दिली. नात मदतीला आली तेव्हा म्हटलं, राहू दे, तुला ऑफिस आहे.

दसरा झाला. मुलगा म्हणाला गाडीनं नेतो, बघून ये. मी गेले नाही. तो जाऊन फोटो काढून आला, तेही मी अजून पाहिलेले नाहीत. घरात सगळे माझ्याशी फार गोड वागतात. जेवताना आधी मला वाढतात. मीही हसते, बोलते, भाजीत मीठ कमी पडलं तर सांगते. कडू झाले नाही मी, फक्त सावध झाले, आणि या वयात आपल्याच माणसांत सावध राहायचं म्हणजे घरात चपला घालून वावरल्यासारखं वाटतं.

परवा नातीनं शत्रूंचा खोका आणला, ते सहा पायांचे. रविवारभर बसून एक जोडला, रंगवला, आणि माझ्यापुढे धरून म्हणाली, "आज्जी, कसा झालाय?"

"छान झालाय," मी म्हटलं.

पुढे मी काही म्हणेन म्हणून तिनं तो उलटा करून पाठही दाखवली. मी शेंगा सोलत राहिले.