ताईचं मुरमाचं कोर्ट

औशाजवळच्या मुलींच्या शाळेत माझी थोरली बहीण खेळाची शिक्षिका आहे. तिथलं पहिलं टेनिस कोर्ट काळ्या मातीवर थेट सिमेंट ओतून केलेलं. पावसाळ्यात खालची माती फुगली, उन्हाळ्यात आकसली, आणि सिमेंटला अशा भेगा पडल्या की चेंडू आत अडकायचा. मुख्याध्यापकांनी ताईला बजावलं, "आणखी एकदा करून बघा. हेही फुटलं तर तिथं सायकलींची शेड होईल."

ताईनं सिमेंट उखडलं आणि काळी माती कमरेइतकी खोल उपसायला घेतली; तिच्या जागी न फुगणारा, न आकसणारा मुरूम भरायचा होता. आमचे आबा बघायला आले आणि हादरलेच. त्यांचं रान मुरमाड. कुठून कुठून काळी माती आणून त्यांनी ते पिकतं केलेलं.

"अगं, काळी काढून मुरूम भरायलीस? येडी झालीस का? लोक उलटं करतेत!"

"लोकांना ज्वारी पिकवायचीय आबा, मला न्हाई."

मला जाम हसू आलं. आबांना शिव्याही द्यायच्या होत्या आणि मातीही हवी होती. त्यांनी दोन्ही केलं. ट्रॅक्टर जाताना काळी घेऊन जायचा, येताना रानातला मुरूम आणायचा.

ताई मुरमाचा थर पसरायची, पाणी मारायची, रोलर फिरवायची, मगच पुढचा थर. मी "उरक की आता" म्हटलं, तर माझ्याच हातात पाण्याचा पाइप आला. पावसाचं पाणी कोर्टाखाली शिरू नये म्हणून तिनं चारी बाजूंनी चर खोदून घेतला. एवढी चिवट बाई मी दुसरी पाहिली नाही, आणि ती माझी बहीण आहे याचा मला अभिमान वाटतो.

पावसाळा निभला. खरी परीक्षा मे महिन्यात होती. सुटीतल्या सरावाला आलेल्या मुली आठ वाजताच सावली शोधायच्या. शेजारच्या रानात हात जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या. एका सकाळी ताईनं वाकून वाकून सगळं कोर्ट तपासलं. मी आणि आबा कडेला उभे. ती त्या टोकापर्यंत गेली, परत आली.

"एक बी भेग न्हाई," ती म्हणाली आणि तिला रडू आलं.

आबांनी चपला काढल्या आणि अनवाणी आत पाऊल ठेवलं.

"आबा, चपला चालतेत इथं."

"मळणीच्या खळ्यात चपला घालून जातेत का?" आबा म्हणाले आणि जाळीपर्यंत चालत गेले.