पोरीच्या अंगात आलं, असं मीच सांगितलं

गाव सोडलं त्या दिवशी मी रडले नाही, असं माझी धाकटी जाऊ अजून सांगत असते. खरं आहे. माझा एकुलता मुलगा दत्ता कंपनीतल्या मित्राची गाडी घेऊन मला न्यायला आला होता. नवरा जाऊन तेव्हा सहा महिने झाले होते. शेळी जावेच्या दावणीला बांधली, गोधड्या आणि दोन पातेली गाडीत टाकली. गल्लीतल्या बाया दारात जमल्या, गळ्यात पडायच्या तयारीने. मी म्हटलं, "मी काय मेले का? बाजूला व्हा." धारूरचा घाट उतरताना मला उलटी झाली. एवढाच माझा निरोप.

हे मी त्या बायांसाठी लिहिते आहे, आणि गाव सोडून मोशी-चाकणकडे आलेल्यांसाठीही. माझी चौथी झाली आहे. लिहिता येतं, फक्त हळू. आमच्या घराबद्दल गावात जे बोललं जातं ते मीच सुरू केलं होतं, म्हणून ते मिटवणंही माझ्याकडेच आलं.

मला रडता येत नव्हतं असं कुणी समजू नये. माझी आई आमच्या भागात हेल काढून रडण्यासाठी नावाजलेली होती. कुणाच्या घरी माणूस गेलं की तिला निरोप यायचा. ती जायची आणि मेलेल्याचं एकेक काढून सुरात सांगायची. कोरड्या डोळ्यांनी बसलेल्या सुनाही मग ओक्साबोक्शी रडायच्या. मला ते तिनेच शिकवलं. म्हणायची, "घसा फाडू नको. घसा दुपारपर्यंत बसतो आणि सरण पेटायला संध्याकाळ होते. पोटातून काढ." आई गेल्यावर लोक मला बोलवू लागले.

मोशीत चौथ्या मजल्यावर घर. खालचा किराणावाला इथला मूळचा. पहिल्याच दिवशी मी विचारलं, इथे आधी काय होतं? तो म्हणाला, "ज्वारी. आमचीच व्हती." आणि त्याने मला बिस्किटाचा पुडा दिला. दत्ता चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत होता. सून सुनंदा घर बघायची. नात ऋतुजा आधी शाळेत, मग ताथवड्याच्या कॉलेजात इंजिनियरिंगला. मी डाळ-तांदूळ निवडायची आणि लिफ्टला घाबरायची. सहा वर्षं अशी गेली.

मग कंपनीत वर उचललेला जड साचा साखळी तुटून खाली आला. दत्ता खाली होता.

ॲम्ब्युलन्समधून त्याला आणलं तेव्हा कळलं की लिफ्टमध्ये स्ट्रेचर आडवं मावत नाही. उभं करून न्यायला मी नको म्हटलं. म्हणून त्याला खाली पार्किंगमध्ये ठेवलं, दोन मोटारींच्या मधे. मी बसले आणि हेल काढला. आईने शिकवला तसा, पोटातून. पार्किंगला वर स्लॅब असतो, आवाज घुमतो. दुसराच हेल चालला होता तेवढ्यात सोसायटीतला एक माणूस खाली वाकून म्हणाला, "आजी, जरा हळू. मुलांच्या परीक्षा चालू आहेत." वाईट नव्हता बोलला. हात जोडून बोलला. पण मी थांबले. आयुष्यात दुसऱ्यांच्या शंभर मयतांना रडले असेन, स्वतःच्या पोराला दीड हेल.

त्यानंतर घरात बोलणं राहिलं नाही. सुनंदाला एका कंपनीत पॅकिंगचं काम मिळालं, पहिल्या शिफ्टची बस अंधारातच यायची. ऋतुजा कॉलेजला जायची, यायची, खोलीचं दार लावायची. जेवायला बोलावलं तर मान हलवायची. चार महिने तिच्या तोंडून मी एक वाक्य ऐकलं नाही.

मग एका दुपारी आतून आवाज आला. कापताना रेडा काढतो तसा. पुरुषाचा वाटावा असा खालचा आणि खरखरीत. मी दाराला कान लावला. पोरगी घरात एकटी होती. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी घाबरले आणि जावेला फोन केला, "पोरीच्या अंगात यायला लागलंय." ती म्हणाली, "अक्का, वाट बघू नका. मळवट भरा आणि विचारा कोण आहे ते."

तिसऱ्या दिवशी मी देवापुढचा करंडा घेऊन आत गेले. ऋतुजा खोलीच्या मधोमध उभी होती. केस सुटलेले, डोळे मिटलेले, मानेच्या शिरा टरारलेल्या. कानात वायरी होत्या, पण त्यांतून काय ऐकू येतं हे मला कसं कळणार? मला फक्त तिचा आवाज येत होता. मी कपाळभर हळद-कुंकू फासलं आणि आमच्याकडे विचारतात तसं विचारलं, "कोण हायेस तू? कशाला आलीस? काय पाहिजे तुला?"

तिने डोळे उघडले. वायरी काढल्या. माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "पप्पा पाहिजेत."

मी करंडा बंद केला आणि तांदूळ निवडायला जाऊन बसले. थोड्या वेळाने ती कपाळ न पुसता बाहेर आली, शेजारी बसली आणि म्हणाली, "आजी, हे गाणं आहे. मेटल म्हणतात. ऐक." एक वायर माझ्या कानात घातली. मी अर्ध्या मिनिटात काढून फेकली. म्हटलं, "हे गाणं? पत्र्यावर गारा पडतात त्यात काय ऐकायचं?"

"रोज एकच ऐक."

चार महिन्यांनी बोलायला लागलेल्या पोरीला नाही कोण म्हणेल? मी ऐकायला लागले ते तिच्यासाठी. गाण्यासाठी नाही.

पहिला आठवडा नुसतं डोकं दुखलं. दुसऱ्या आठवड्यात आवाज वेगळे व्हायला लागले. ढोल वाजवणारा दोन्ही पायांनीही वाजवतो, हे तिने सांगितलं तेव्हा मला ते ऐकू आलं. गावातल्या गिरणीचा पट्टा सुटायच्या बेतात असला की असाच फटफटतो, आणि तरी पीठ एकसारखं पडत असतं. एक जाड तारेची गिटार असते, ती कानाला कमी आणि छातीच्या हाडाला जास्त कळते. सगळंच चांगलं नसतं. काही जण नुसती घाई करतात. त्यांचे ते कवट्या छापलेले शर्ट तर शुद्ध पोरखेळ. मेलेलं माणूस मी पाहिलं आहे, ते तसं दिसत नाही.

एका दुपारी एक गाणं चालू होतं, संथ, जड. त्यातला माणूस गात नव्हता. तो हेल काढत होता. दम कुठे घेतो, कुठे सोडतो, सगळं मला कळत होतं. शब्द एक कळला नाही. पण आईच्या रडण्यातलेही अर्धे शब्द कधी कुणाला कळले नव्हते. मी म्हटलं, "हे परत लाव." ऋतुजा हसली. दत्ता गेल्यानंतर तिला मी पहिल्यांदा हसताना पाहिलं, आणि मला त्याचा रागही आला. का, ते माहीत नाही.

मग मी बेसिनमध्ये तिच्या थुंकीत रक्त पाहिलं. आवाज काढून काढून घसा सोलला होता. तिला म्हटलं, "घशातून काढतेस, म्हणून. आडवी हो." फरशीवर झोपवलं आणि पोटावर पाण्याचा तांब्या ठेवला. "तांब्या हलला पाहिजे, मान हलता कामा नये. बेंबीच्या देठापासून काढ." पहिल्या दिवशी चार वेळा पाणी सांडलं. ती चिडून म्हणाली, "आजी, तू कुठे शिकलीस हे?" मी म्हटलं, "मढ्याजवळ."

सोसायटीतून तक्रार येणारच होती, आली. तिने कॉलेजातल्या पोरांबरोबर बँड जमवला होता. त्यातल्या एका मुलाचे वडील, रफिकभाई, चिखलीकडे लोखंडी गेट आणि ग्रिल बनवतात. गुरुवारी कंपन्या बंद, त्यांचं पत्र्याचं शेडही बंद असतं. ते म्हणाले, बजावा तिथे काय बजवायचं ते. मी पण जायला लागले. अर्धवट गेटांच्या मधे मला खुर्ची मिळायची. रफिकभाई चहा आणायचे आणि म्हणायचे, "अम्मा, दर जुम्मेरातीला येत जा. तुम्ही असलात की ही पोरं शिव्या देत नाहीत."

पोरं स्वतः लिहिलेली गाणी म्हणत. ढोल सुरू झाला की उभी केलेली ग्रिलं झणझणायची. एका गुरुवारी ऋतुजाने नवीन गाणं काढलं. आवाज आता पोटातून येत होता, मान स्थिर होती. त्या अख्ख्या गाण्यातला मला एकच शब्द कळला: पार्किंग. तेवढा पुरला. मी ओरडले नाही, रडलेही नाही. पदर तोंडावर घेऊन बसले आणि ती दत्ताचं एकेक काढून सांगत होती, ते ऐकलं. दीड हेलाच्या पुढचं ती म्हणत होती.

दत्ता जाऊन अकरा महिने झाले तेव्हा दीर आणि जाऊ आले. घरात माणूस गेलं की लग्न वर्षाच्या आत उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं, ही आमच्याकडची रीत. दिरांनी माजलगावकडचं स्थळ आणलं होतं. मुलाचं खताचं दुकान. म्हणाले, "वहिनी, पोरीच्या अंगात येतं हे मी लपवलं नाही. ते म्हणतात, लग्न झालं की जातं ते. कॉलेजचं काय, नावावर दोन वर्षं लागली ती पुष्कळ झाली."

सुनंदा दिवसभर उभी राहून आलेली. ती भिंतीला टेकून माझ्याकडे बघत म्हणाली, "आत्या म्हणतील तसं." ऋतुजा आतल्या दारात उभी होती. तिचा चेहरा पुन्हा तसाच झाला होता, चार महिने होता तसा.

मी म्हटलं, "अंगात येत नाही. मी चुकीचं सांगितलं होतं. ते गाणं आहे."

जाऊ हसली. "अक्का, गाणं? रेड्यासारखं?"

"ऋतुजा, म्हणून दाखव."

पोरगी माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, "म्हण. मान हलवू नको." तिने डोळे मिटले आणि म्हटलं. जावेने पदर तोंडाला लावला. दिरांची बशी हातातच राहिली, चहा धोतरावर. ऋतुजा थांबली तेव्हा वरच्या मजल्यावर कुणीतरी फरशीवर काठी आपटत होतं.

दीर म्हणाले, "वहिनी, तुमचं डोकं फिरलंय."

"फिरलं असेल. पोरगी शिकेल, गाईल. लग्न तिला करायचं तेव्हा करेल."

"मग गावाकडं तुमचं काही राहिलं नाही असं समजा. दादाच्या खोल्यांना पत्रे टाकणार होतो, आता माझी गुरं बांधीन."

"बांधा."

जाऊ उठताना म्हणाली, "तुम्ही निघालात तेव्हाच कळलं होतं. टिपूस नव्हतं डोळ्यांत." मी तिला कुंकू लावलं आणि लिफ्टपर्यंत सोडलं.

वर्षश्राद्धाला गावाकडून कुणी आलं नाही. रफिकभाई केळी घेऊन आले.

वाईट वाटलं का? वाटलं. जाग येते तेव्हा अजून आधी गावातलं दार दिसतं, मग इथला पंखा. त्या दाराआड आता गुरं आहेत, हे रोज नव्याने आठवावं लागतं. आणि इथे सगळं चांगलं झालं असंही समजू नका. सुनंदाचे गुडघे गेले. ऋतुजाचे दोन विषय राहिले. दत्ता मेलेलाच आहे. फक्त पोरगी जेवताना बोलते. मीठ कमी आहे, एवढं तरी म्हणते.

गेल्या महिन्यात सुनंदाने विचारलं, "आत्या, रेशनकार्डावर तुमचं नाव इकडं घालून घेऊ का?" इतकी वर्षं ते मी गावाकडेच ठेवलं होतं. तिथलं नाव कमी केल्याचा कागद दिरांनी दोन दिवसांत पाठवला. एरवी साधा फोन करायला त्यांना महिना लागतो.

रेशनच्या कार्यालयात टेबलाशी एक मुलगी होती. "आजी, नाव इकडं का आणायचं? कारण काय लिहू?"

"माझी नात इथं गाते."

"काय गाते? भजन?"

"नाही. ओरडते."

तिने सुनंदाकडे पाहिलं. सुनंदा म्हणाली, "आत्या सांगतात ते खरं आहे." मुलीने काहीतरी लिहिलं आणि शाईचं पॅड पुढे सरकवलं. मी म्हटलं, सही करते. पेन घेतलं. 'कौटुंबिक कारण' असं तिने लिहिलं होतं. त्याच्या खाली कायमच्या पत्त्याची जागा तिने रिकामी सोडली होती. तिथे मी माझ्या हाताने, सावकाश, मोशी लिहिलं.