काम आमचं होतं

बाई कुठल्याही इमारतीत शिरण्याआधी वर बघायच्या. तहसील कचेरी असो, एसटी स्टँड असो की कुणाचं लग्नघर. दाराशी थांबून छताकडे, छज्ज्याकडे एक नजर टाकायच्या आणि मगच पाऊल आत. "काय बघता?" असं कुणी विचारलं की म्हणायच्या, "कुणी काय बांधून ठेवलंय ते बघते. पडलं तर माझ्याच डोक्यात पडणार ना!" लोक हसायचे. मी नोकरीला लागले तेव्हा मलाही हसू यायचं. वर्षभरात मीही वर बघायला लागले.

टोकावड्याच्या अलीकडे आमच्या संस्थेची शाळा. बाई तिथल्या मुख्याध्यापिका आणि संस्थेच्या सचिवही. मूळच्या शहापूरच्या, लग्न केलेलं नाही, शाळेमागच्या भाड्याच्या खोलीत एकट्या राहायच्या. आवाज असा की मैदानात बोलल्या तर रस्त्यावरचा धाबेवाला कढईवरून मान वर करायचा. वर्गात शाई सांडलेली दिसली की पहिला प्रश्न, "कुणाचं काम?" कुणी हात वर केला की त्याला शिक्षा नाही, फडकं मिळायचं. कुणीच हात वर केला नाही तर मात्र अख्खा वर्ग उन्हात.

मुलींच्या वसतिगृहाचा ध्यास त्यांनीच घेतला होता. सिद्धगडाच्या पायथ्याच्या वाड्यांतल्या मुली चौथीनंतर दिसेनाशा व्हायच्या. रोजची एवढी पायपीट कोण करणार? बाई मुरबाडला, ठाण्याला खेपा घालून मंजुरी घेऊन आल्या. आमच्या अध्यक्षांनी पेढे वाटले आणि कंत्राट स्वतःच्या भाच्याला दिलं.

त्याच सुमारास बाई वाशिंदला भावाकडे गेल्या होत्या. भाऊ कारखान्यात होता. तिथे नवी शेड उभी राहत होती आणि कारखान्याचा साहेब रोज येऊन कंत्राटदाराच्या माणसांचे सुरक्षेचे पट्टे, शिड्या, कठडे तपासत होता. बाईंनी भावाला विचारलं, "माणसं कंत्राटदाराची, मग साहेब कशाला उन्हात तापतो?" भाऊ म्हणाला, "काम साहेबाचं आहे. नवा कायदा आलाय. काम देणाऱ्याला हात झटकता येत नाहीत."

बाई परत आल्या त्या थेट अध्यक्षांच्या ओटीवर. मी सोबत होते. अध्यक्ष झोपाळ्यावर सुपारी कातरत बसले होते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, कंत्राट दिलाय ना आपण? मग माणसा त्यानी सांभाळायची. आपला काय संबंध नाय."

"वसतिगृह कुणाचं?"

"संस्थेचा."

"मग संबंध कसा नाही?"

अध्यक्ष हसले. माझ्याकडे बघून म्हणाले, "चहा घ्या गो. बाईंचा डोका गरम झालाय."

पहिला मजला चढला. बांबूची परांची जुन्या काथ्यानं बांधलेली, स्लॅबच्या कडेला कठडा नाही, आणि त्या कडेवरून वाडीवरच्या बायका डोक्यावर घमेली घेऊन चालायच्या. बाई मधल्या सुट्टीत छत्री घेऊन तिथे जायच्या. त्या दिसल्या की अध्यक्षांचा भाचा मोटारसायकल काढायचा. एकदा बाईंनी छत्री आडवी धरून जिनाच अडवला. "कठडा बांधल्याशिवाय वर कुणी जायचं नाही." खाली बायका रिकामी घमेली घेऊन उभ्या. त्यात हिरी होती. तिची मुलगी आमच्याकडे चौथीत. हिरी म्हणाली, "बाई, आमी चढतूच की माडावं, झाडावं. नाय पडत आमी."

"झाड तुझं आहे गो," बाई म्हणाल्या. "हे माझं आहे. इथून पडायचं नाही."

दुपारपर्यंत भाच्याला बांबू आणावे लागले. पुढच्या बिलावर सही करायची तर बाईंचीच लागायची, हे त्याला ठाऊक होतं. कठडा लागला आणि बाईंनी सगळ्यांना भजी खाऊ घातली. स्लॅबवर बसून भजी खाणाऱ्या बाई मी तेव्हा एकदाच पाहिल्या.

पुढच्या सभेत 'कामाच्या सोयीसाठी' बँकेतली सही बाईंच्या नावावरून काढून खजिनदाराच्या नावावर केली. सगळ्यांनी हात वर केले. आठवड्याभरात कठड्याचे बांबू मागच्या भिंतीच्या परांचीला गेले. बाई रोज ओरडायच्या, अध्यक्षांना निरोप धाडायच्या. काम थांबत नव्हतं.

हिरी पडली तेव्हा बाई शहापूरला भाचीच्या लग्नात होत्या. स्लॅबच्या कडेला मागे सरकताना तिचा पाय सुटला. विटांच्या ढिगावर पडली. टेंपोत घालून कल्याणला नेताना वाटेतच संपली. बाई परतल्या तोवर विटा धुऊन झाल्या होत्या आणि कंत्राटदार सांगत होता की ती कामावर नव्हतीच, लाकूडफाटा गोळा करायला आली होती.

तातडीची सभा झाली. अध्यक्षांनी सांगितलं, पोलीस विचारायला येतील, सगळ्यांनी एकच बोलायचं: काम कंत्राटदाराचं, संस्थेला काही माहीत नाही. बाई उभ्या राहिल्या. आवाज नेहमीचा नव्हता, इतका खाली की पुढे वाकून ऐकावं लागलं. "मला माहीत होतं. कठडा काढलेला मी पाहिला होता. तुम्हाला सांगितलं होतं. काम आपलं होतं, थांबवायचा हक्क आपला होता."

"तुमी तर नव्हताच त्या दिवशी," खजिनदार म्हणाले. त्यांना वाटलं, आपण बाईंना वाट करून देतोय.

"त्याच्या आदल्या दिवशी होते," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्या टोकावड्याला पोलिसांकडे गेल्या आणि हेच सांगून आल्या. कंत्राटदारावर, अध्यक्षांवर आणि सचिव म्हणून बाईंवर, तिघांवर खटला भरला गेला. अध्यक्षांच्या घरची माणसं रस्त्यात बाई दिसल्या की पलीकडून जायची. शिक्षकांच्या खोलीत त्यांच्या शेजारची खुर्ची रिकामी राहायला लागली. मी तिथे बसायचे. त्या म्हणायच्या, "तुझी नोकरी नवी आहे गो. लांब बस." मी बसून राहिले की डब्यातली चटणी माझ्याकडे सरकवायच्या.

मुरबाडच्या कोर्टात खटला वर्षानुवर्षं रेंगाळला. मधल्या काळात वसतिगृहाचं उद्घाटन झालं, बाईंना बोलावणं नव्हतं. त्या निवृत्त होऊन शहापूरला गेल्या आणि तारखेला एसटीनं यायच्या. साक्षीला आलेल्या बायकांनी एकेक करून सांगितलं की हिरी कामावर होती की नाही आठवत नाही. त्यांना त्याच कंत्राटदाराकडे दुसरीकडे काम होतं. शेवटी हिरीचा नवरा पांडू उभा राहिला. त्यानंही खाली मान घालून सांगितलं, "ती लाकडा येचाया गेलती." अध्यक्षांचे वकील म्हणाले, बांधकामाची देखरेख सचिव करायच्या, अध्यक्षांचा संबंध नाही.

बाईंचे वकील त्यांना व्हरांड्यात समजावत होते. "कायदा काम देणाऱ्याला सोडत नाही हे खरं, पण ते सिद्ध करणारं कुणी उरलेलं नाही. तुम्ही फक्त गुन्हा कबूल नाही म्हणा. तिघंही सुटता."

"तिघंही सुटलो तर ती कुणाच्या कामावर मेली?" बाई म्हणाल्या. आत जाऊन त्यांनी गुन्हा कबूल केला.

बाकी दोघं सुटले. बाईंना दंड झाला आणि कोर्ट उठेपर्यंत बसून राहायची शिक्षा. हिरीच्या मरणाबद्दल शिक्षा झाली ती एकट्या बाईंना.

संध्याकाळपर्यंत त्या भिंतीकडेच्या बाकावर बसून होत्या. पदर नीट खोचलेला, पिशवी मांडीवर. आतल्या लोकांची कामं चालू होती, कुणी त्यांच्याकडे बघतही नव्हतं. पांडू दारात येऊन उभा राहिला. "बाई, मी खोटा बोललू."

"ठाऊक आहे मला. पोरगी कुठंय तुझी?"

"भट्टीवं. इटा पाडते."

बाईंनी डोळे मिटले. इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. तेव्हाही आवाज आला नाही, फक्त पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत राहिल्या, बोट पांढरं होईस्तोवर. मग म्हणाल्या, "वसतिगृहात घातली नाहीस?"

"तिला तिथं झोप नाय यायची, बाई."

पुढची वर्षं बाई शहापुरात जिथे जिथे बांधकाम दिसेल तिथे थांबून मालकाला शोधायच्या आणि कठड्याबद्दल विचारायच्या. लोक कंत्राटदाराकडे बोट दाखवायचे. काही जण त्यांना हाकलून द्यायचे. बाईंच्या भावाची मुलं म्हणायची, आत्या, लोक वेडी म्हणतात. नवा दवाखाना बांधणाऱ्या एका डॉक्टरानं मात्र त्यांचं ऐकून जाळी बांधली. ते मला फोनवर सांगताना बाई लहान मुलीसारख्या हसत होत्या.

त्या गेल्या तेव्हा आमच्या शाळेत शोकसभा झाली. अध्यक्ष पुष्कळ बोलले. बाईंनी संस्थेसाठी आयुष्य वेचलं, म्हणाले. वसतिगृह हे त्यांचं स्वप्न, म्हणाले. "सगळी जबाबदारी बाईंनी हसतमुखानी आपल्या अंगावर घेतली," असंही म्हणाले, आणि पुढच्या रांगेतल्या लोकांनी माना डोलावल्या.

मागून कुणीतरी खुर्ची सरकवली. पांडू उभा होता. पांढरा सदरा घालून आला होता, वाडीवरून चालत.

"हिरी लाकडा येचाया नव्हती गेलती," तो म्हणाला. "ती तुमच्या कामावं व्हती. तितूनच पडली."

अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"आज तो विषय नाय, पांडू," ते अगदी मायेनं म्हणाले. "चला, आता सगळे उभे राहा."

आम्ही सगळे उठून, खाली माना घालून, दोन मिनिटं गप्प उभे राहिलो.