धावपट्टीवरचा खडा
खाकी लिफाफ्याच्या डिंकाचा वास आला की जव्हारमधली ती दुपार आठवते. चाळिशीत मी दूरशिक्षणाने विमान वाहतूक व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदवी करत होतो, आणि विमानात एकदाही बसलो नव्हतो. धावपट्टीच्या सुरक्षेवरच्या स्वाध्यायाचं माझं उत्तर दोनदा परत आलं होतं; तिसऱ्यांदा आलं असतं तर वर्ष बुडालं असतं. माझं हे रडगाणं ऐकून अंगणात नाचणी पाखडणारी, जवळच्या साखरशेत गावातून कामाला येणारी मावशी हसली, "मंग मला इचार ना, भाऊ! दोन वरसं इमानतळावर झाडू मारला मी. धा बाया भात लावतो तशा रांगेत, फक्त मागं नाय, पुढं सरकायचो. खडा दिसला का उचलायचा. इंजिनात गेला तं?" मी तसंच लिहून, खाकी लिफाफा चिकटवून पाठवलं. वीसपैकी अठरा गुण मिळाले आणि शेरा आला, 'प्रत्यक्ष अनुभव दिसतो.' त्या अठरांतले माझे किती, हे मला आजही ठरवता येत नाही.