नारळ फोडून उडालेलं विमान

कवठे महांकाळकडच्या मेंढपाळाच्या घरातला धुळा गडदे विमानाचा मेकॅनिक झाला, हे त्याच्या भावकीला कधी पटलंच नाही. पंधरा वर्षं वायुदलात काढून गडी परत आला आणि तासगावच्या अलीकडं माळावर विमान शिकवायची एक छोटी शाळा निघाली होती, तिथं चिकटला. माणूस भित्रा होता. अहो, खरंच भित्रा! विहिरीत वाकून बघायचा नाही, जत्रेतल्या पाळण्यात बसायचा नाही. "भ्यालेल्या माणसाच्या हातनं चूक व्हत न्हाई," असं मात्र मोठ्या तोऱ्यात सांगायचा. शहाण्णव सालच्या त्या सकाळपर्यंत त्याचं हे बोलणं खरंही होतं.

शाळेचा मालक भाऊसो. मूळचा विट्याचा, गलाईच्या धंद्यात कोइमतूरला सोनं गाळून पैसा कमावलेला. शाळेचं एकुलतं एक विमान इंजिन खोलून दुरुस्त झालं होतं आणि त्या दिवशी त्याची चाचणी होती. ज्यानं इंजिन जोडलं त्यानंच पायलटच्या शेजारी बसायचं, असा शाळेचा नियम. म्हणजे धुळानं. आदल्या दिवसापासूनच त्यानं जेवण सोडलं होतं.

बरं, चाचणी म्हणजे चुपचाप करायचं काम. पण भाऊसोला कोण सांगणार? नवा ट्रॅक्टर दारात आला की करतात तशी त्यानं विमानाची पूजा मांडली. मांडव घातला, भटजी आणला, अर्धं गाव गोळा केलं. चाचणी झाली की लगेच आठ वर्षांच्या नातीला, ज्ञानदाला, विमानातनं फेरी मारायची असं जाहीरही करून टाकलं. पोरगी नवा फ्रॉक घालून सकाळपासून नाचत होती.

पायलट नारायण भावे, सांगलीचे. कडक माणूस. उड्डाणाआधी हातात तपासणीचा कागद घेऊन विमानाभोवती फिरायचे, एकेका वस्तूला हात लावायचे. मध्ये कुणी हाक मारली तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. त्या दिवशी एकदा त्यांना नारळ फोडायला बोलावलं, एकदा फोटोला. दोन्ही वेळा ते पहिल्यापासून फिरले. तिसऱ्यांदा भाऊसोनं फेटा बांधायला ओढून नेलं, मुहूर्त टळतोय म्हणून सगळ्यांनी गलका केला, आणि भावेंनी तपासणी अर्धीच सोडून कागद खिशात घातला.

धुळानं ते पाहिलं. बोलावंसं वाटलं, पण एवढ्या माणसांत साहेबाला शिकवायचं म्हणजे काय? आपल्या सीटवर चढून बसला.

विमान धावायला लागलं तेव्हा भावे गर्दीला हात करत होते. चाकं जमिनीवरनं सुटली, माळ खाली गेला, आणि डोळे मिटून बसलेल्या धुळानं एक डोळा उघडून समोरच्या काट्यांकडं पाहिलं. 

"आवं साहेब, वेगाचा काटा शून्यावर हाय."

पंखाखाली पेनाएवढी नळी असते. तिच्यात वारा शिरतो तेव्हा वेगाचा काटा हलतो. विमान उभं असताना नळीत किडामुंगी जाऊ नये म्हणून तिच्यावर लाल पट्टीची कापडी टोपी घालतात. धुळानं बाहेर पाहिलं. टोपी जागेवरच होती! नजर लागू नये म्हणून लाल फडकं बांधलंय, असं समजून भाऊसोच्या आईनं, साळूबाईनं, त्याच्यावर झेंडूचा हार चढवला होता. त्या हाराखाली टोपी कुणाला दिसलीच नव्हती. आता वाऱ्यानं हार तुटून गेला होता आणि लाल पट्टी फडफडत होती.

वेग कळत नाही म्हणजे काय, हे धुळाला पुरतं ठाऊक होतं. कमी पडला तर विमान धोंड्यासारखं खाली. जास्त झाला तर धावपट्टी पुरणार नाही, आणि पट्टीच्या टोकाला द्राक्षबागेचे लोखंडी खांब आणि तारा. 

"साहेब, आता कसं?"

"बोलू नकोस धुळा. मला इंजिनाचा आवाज ऐकू दे."

भावेंच्या फेट्याखालून घाम ओघळत होता. त्यांनी बेत बदलला, तासाभराची चाचणी सोडली आणि मोठा वळसा घेऊन विमान आवाजाच्या अंदाजानं खाली आणायला लागले. बारा मिनिटं! धुळानं बिरोबाला बोकडाचा नवस केला. चाकं टेकली, उडाली, परत टेकली. तारांच्या अलीकडं चाळीस पावलांवर विमान थांबलं.

पण गर्दीला त्याचं काय! ढोल वाजायला लागला. भावेंनी उतरून गुपचूप टोपी काढून खिशात घातली आणि हळूच म्हणाले, "कुणाला बोलू नकोस. एवढंच राहिलं होतं. विमान ठणठणीत आहे."

तोवर भाऊसोनं ज्ञानदाला उचलून पुढच्या सीटवर बसवलंसुद्धा. "चला साहेब, आता आमची नात!"

 धुळा विमानाच्या दारासमोर उभा राहिला. "साहेब, पयल्यापास्नं तपासू."

"आता? सगळे बघतायत, धुळा."

"बघू देत की."

"काय रं," भाऊसो भडकला, "आमच्या पोरीच्या येळंला नाटकं व्हय? उद्यापास्नं यायचं का न्हाई कामावर?"

 भावेंच्या खिशातला कागद धुळानं स्वतःच्या हातानं काढला. चाकं पाहिली. नाकावरचा पंखा पाहिला. ऑइल पाहिलं. पुढं होतं पेट्रोल. टाकी पंखावर, म्हणजे शिडी पाहिजे. शिडी कुठं दिसेना. मग ती दिसली, मांडवाला टेकलेली, तोरणाखाली.

आणि त्याला सकाळ आठवली. उजवी टाकी गळत होती म्हणून तिचा नळ बंद करून ती कोरडी ठेवलेली. डाव्या टाकीत तो शिडीवर उभा राहून पेट्रोल ओतत होता. खालून पोरं ओरडली, शिडी द्या, तोरण बांधायचंय. तो घाईनं उतरला होता.

त्यानं खाकी पँटच्या खिशात हात घातला. टाकीचं झाकण हाताला लागलं.

शिडी आणून तो वर चढला. टाकी आ वासून पडली होती. उघड्या टाकीतलं पेट्रोल वाऱ्यानं वरच्या वर ओढून नेलं होतं. त्यानं आत काठी घातली. काठीचं फक्त टोक भिजलं, बोटभर.

वर कुणाचं लक्ष नव्हतं. झाकण लावायचं, डबाभर पेट्रोल ओतायचं, की संपलं! नोकरी राहिली असती, अब्रू राहिली असती. धुळानं खाली पाहिलं. काचेतून ज्ञानदा त्याला हात करत होती.

तो खाली उतरला आणि तळहातावर झाकण ठेवून भाऊसोपुढं धरलं. 

"हे सकाळपास्नं माझ्या खिशात हाय. मी लावायला इसरलो. टाकी रिकामी झालीया, मालक. पोरगीला खाली घ्या."

ढोल वाजतच होता. भाऊसोनं झाकणाकडं पाहिलं, वर उघड्या टाकीकडं पाहिलं आणि ज्ञानदाला उचलून खाली घेतलं.