अब्दुलभाईंचे थांबणे

पनवेल हे गाव माणसाचा सत्कार करण्यात फार तत्पर आहे. शाल आणि श्रीफळ येथे कोणालाही, कोणत्याही निमित्ताने मिळते. ज्याच्या खांद्यावर शाल पडते त्या माणसाच्या मनाची त्या क्षणी काय अवस्था आहे, हे पाहण्याची रीत मात्र येथे अजून पडलेली नाही. अब्दुल तुंगेकरांच्या बाबतीत जे घडले ते विनायकराव बिवलकरांनी दोन हातांच्या अंतरावरून पाहिले. त्याला आता काही वर्षे लोटली, तरी एखादी शाल पाहिली की विनायकराव आजही तोंड फिरवतात.

विनायकराव विमा कंपनीत अधिकारी होते आणि संध्याकाळी नाटकवाले. गावातल्या हौशी नाट्यमंडळाचे ते जुने सभासद. अब्दुलभाई त्यांना भेटले ते २००२ साली, बिघडलेल्या मिक्सरमुळे. एसटी स्टँडच्या मागे अब्दुलभाईंचे मिक्सर आणि कुकर दुरुस्तीचे चिमुकले दुकान होते. विनायकरावांनी मिक्सर टेबलावर ठेवला आणि अधिकाऱ्याच्या आवाजात विचारले, "केव्हा मिळेल?"

अब्दुलभाईंनी मिक्सरकडे पाहिले. मग विनायकरावांकडे पाहिले. मग पुन्हा मिक्सरकडे. चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. किती वेळ गेला कोणास ठाऊक. अखेर अत्यंत आदबीने ते म्हणाले, "साहेब, याच्यात तुम्ही काय दळत होता?"

विनायकरावांना जे हसू फुटले ते दुकानाबाहेर आल्यावरही थांबेना. त्यात वाटलेले तांदूळ नव्हते की मसाला नव्हता. त्यांनी त्यात दिवाळीचे उटणे घरी करण्याचा प्रयोग केला होता, आणि हे त्या माणसाने वासावरून ओळखले असूनही विचारले होते. पुढच्याच रविवारी ते अब्दुलभाईंना हाताला धरून मंडळाच्या तालमीला घेऊन गेले.

ही निश्चल उभे राहण्याची विद्या अब्दुलभाई बहरीनहून घेऊन आले होते. विशीत ते तेथे गेले आणि एका इंग्रज कंपनीच्या क्लबात चहा देण्याच्या कामाला लागले. त्या क्लबात हॉब्ज नावाचा एक म्हातारा इंग्रज असे. आपल्या मुलखात त्याने उभी हयात विनोदी नट म्हणून काढली होती. स्वतःच प्रहसने लिहायची, स्वतःच त्यांत नोकराची, पोस्टमनची, भित्र्या नवरदेवाची कामे करायची आणि गावोगाव हिंडायचे. मग थिएटरे बंद पडत गेली, टीव्हीवाल्यांनी त्याला दारात उभे केले नाही, आणि हा माणूस वाळवंटात इंजिनिअरांच्या बायकांची नाटके बसवू लागला. एकदा वेटरचे काम करणारा आजारी पडला. हॉब्जने चहाचा ट्रे घेतलेल्या अब्दुलभाईंनाच स्टेजवर ढकलले. "काही बोलू नकोस. उभा राहा, बस्स." ते उभे राहिले, आणि हॉल हसून कोसळला. त्यानंतर हॉब्जने लिहिलेल्या प्रत्येक प्रहसनात एक वेटर असे.

"साहेब सांगायचा," अब्दुलभाई तालमीत सांगत, "हसू म्हणजे दावत आहे. वाढणाऱ्यानं आधी जेवायचं नसतं. स्टेजवर तुम्ही हसलात, तर लोकांच्या ताटातलं खाल्लंत."

वडील वारले, घरी अम्मी एकटी, म्हणून अब्दुलभाई परतले. लग्न केले, दुकान थाटले, आणि हॉब्जसारखेच स्वतः लिहू लागले. पनवेलच्या प्रेक्षकाला तोपर्यंत विनोद म्हणजे बायकी चालणे आणि डोळे फिरवणे एवढेच ठाऊक होते. त्या प्रेक्षकाला या माणसाने निश्चल चेहऱ्यावर हसायला शिकवले. कामोठ्याच्या नव्या वसाहतींतून लोक रिक्षा करून येऊ लागले. "अब्दुलभाई थांबले की बघ हं," अशी माणसे शेजारच्याला कोपराने ढोसत. जितके जास्त थांबणे, तितका मोठा हशा. गावाला ती सवयच लागली. पुढे जे झाले त्याचे मूळ या सवयीत आहे, आणि म्हणून गावाला मी निर्दोष म्हणू इच्छित नाही.

त्यांचे सर्वांत गाजलेले प्रहसन होते 'सचिव विचारतात'. एका सोसायटीचा सचिव भाड्याने जागा मागायला आलेल्या माणसाला प्रश्न विचारतो आहे, एवढीच गोष्ट. सचिव विनायकराव, खोट्या मिशा लावून. भाडेकरू अब्दुलभाई. मासळी खाता का, पाहुणे किती येतात, रात्री नळ सोडता का. प्रत्येक प्रश्नावर भाडेकरू थांबतो, आणि ते थांबणे सहन न होऊन सचिवच घाबराघुबरा होत उत्तरे देत सुटतो. शेवटचा प्रश्न असे, "घरात माणसं किती?" भाडेकरू थांबे, बोटांकडे पाही, आणि म्हणे, "दोन. मी आणि आई. आई जास्त जागा घेत नाही." यावर पडदा. अब्दुलभाईंना स्वतःला नव्या सोसायट्यांत जागा मिळाली नव्हती, हे टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी कितीजणांना ठाऊक होते, देव जाणे. ते मोहल्ल्यातल्या वडिलांच्या दोन खोल्यांतच राहत.

२००९च्या जानेवारीत मंडळाचा वर्धापनदिन आला. त्याच सुमारास अब्दुलभाईंच्या आई, हुस्नबानो, शेवटच्या अंथरुणावर होत्या. डॉक्टरांनी हात टेकले होते. आता दिवस नव्हे, घटका मोजायच्या, हे सगळ्या घराला कळले होते. अब्दुलभाईंची इच्छा एकच होती. जाणाऱ्याच्या तोंडात मक्केहून आणलेले जमजमचे पाणी घालतात, तो चमचा आपल्या हातून घातला जावा. वडिलांच्या वेळी ते बहरीनला होते. तो चमचा दुसऱ्याच्या हातून गेला होता.

त्यांनी मंडळाच्या अध्यक्षांना, धर्मराज ठाकुरांना, नकार कळवला. धर्मराज ठाकूर हे गृहस्थ बांधकाम साहित्याचे व्यापारी. नाटक त्यांनी कधी पूर्ण पाहिले नव्हते, परंतु अध्यक्षस्थान एकदाही सोडले नव्हते.

"अहो, पत्रिका छापल्यात! पाहुण्यांनी मुद्दाम तुमचंच नाटक मागितलंय. चारला सुरू, पाचला तुम्ही मोकळे. पाच मिनिटांवर घर आहे तुमचं."

अब्दुलभाईंनी विनायकरावांकडे पाहिले. विनायकराव म्हणाले, "पाचला संपेल, अब्दुलभाई. माझा शब्द."

घरी हुस्नबानोंनी सगळे ऐकून घेतले होते. आवाज खोल गेला होता, पण शब्द स्पष्ट होते. "जबान दिलीस ना? मग जा. मगरिबच्या आत, दिवेलागणीपूर्वी ये."

मैदानावर मांडव घातला होता. मंडळाचा एक नियम होता. मागे एकदा मरणाच्या प्रवेशात कोणाच्या तरी खिशातला मोबाइल वाजला आणि मेलेला नट उठून बसला. तेव्हापासून रंगभूषा होताच सगळ्यांचे मोबाइल बंद करून एका कापडी पिशवीत जात आणि ती पिशवी धर्मराजांच्या खुर्चीखाली राही. अब्दुलभाईंनी विनवले, "माझा तेवढा चालू राहू दे, साहेब." धर्मराज म्हणाले, "नियम म्हणजे नियम. तुम्हाला सोडलं तर उद्या सगळे मागतील." मोबाइल पिशवीत गेला.

चार वाजले. पाहुणे आले नाहीत. साडेचार वाजले. अब्दुलभाई विंगेत उभे होते, मांडवाच्या कापडातून शिरणाऱ्या उन्हाकडे पाहत. "सुरू करू या," विनायकराव तीनदा म्हणाले. "पाहुण्यांशिवाय?" धर्मराजांनी तीनदा कपाळाला हात लावला. साडेपाचला पाहुणे आले. दीपप्रज्वलन झाले. स्वागत झाले. मग पाहुण्यांनी 'हास्य हेच औषध' या विषयावर भाषण केले. त्या भाषणात ते एकटेच हसले.

"मी जातो," अब्दुलभाई म्हणाले.

"आता कुठं जाता? पडदा उघडतोय!" धर्मराजांनी त्यांना अक्षरशः दंडाला धरून स्टेजवर लोटले. विनायकराव नुकत्याच चिकटवलेल्या मिशा बोटाने दाबत राहिले. डिंक अजून ओला होता.

प्रहसन रंगले. रंगणारच होते. मध्येच मगरिबची अजान झाली आणि रीतीप्रमाणे सगळे थांबले; लोक पाणी प्यायले, नट जागच्या जागी उभे राहिले. अब्दुलभाईंचे ओठ हलत होते. अजान संपली, खेळ पुढे सुरू झाला. पाहुणे राहतात का? नळ सोडता का? हशावर हशा. मांडवाच्या दाराशी अब्दुलभाईंचा मेहुणा नावेद येऊन उभा होता, हे विनायकरावांना नंतर समजले. स्वयंसेवकांनी त्याला अडवले होते. "पाहुणे बसलेत, मधे सोडता येत नाही. संपलं की भेटा." त्याला बसायला खुर्ची दिली. सौजन्यात पनवेल कधी कमी पडत नाही.

विनायकरावांनी शेवटचा प्रश्न विचारला. "घरात माणसं किती?"

तेवढ्यात मशिदीच्या लाउडस्पीकरमधून पुन्हा खरखर आली. नमाज संपली होती. आता एलान होता. मोहल्ल्यात कोणी गेले की अशीच बातमी देतात.

"हजरात, मरहूम दाऊद साहब तुंगेकर की अहलिया का इंतकाल हो गया है. नमाज-ए-जनाजा बाद नमाज-ए-इशा…"

बाईचे नाव एलानात घेत नाहीत, नवऱ्याचे घेतात. मांडवातल्या लोकांच्या कानांना तो नेहमीचा लाउडस्पीकर होता, आणि कान त्यांनी केव्हाच मिटून घेतले होते. दाऊद हे अब्दुलभाईंच्या वडिलांचे नाव, हे त्यांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. विनायकरावांना ठाऊक होते. तुंगेकर हे आडनाव त्यांच्या कानात शिरले आणि हातातली सचिवाची फाइल खाली पडली.

लोक हसले.

अब्दुलभाई उभे होते. चेहऱ्यावरची रेषा हलली नव्हती. हशा विरला, पण ते बोलेनात. म्हणून पुन्हा हशा आला, पहिल्यापेक्षा मोठा. ते बोलेनात. पुढच्या रांगेतल्या बायका पदराने डोळे पुसू लागल्या. पाहुण्यांनी मांडीवर थाप मारली. विनायकराव त्यांच्या डोळ्यांत पाहत होते. तेथे काहीच नव्हते. दिवा विझल्यावर खोलीत जे असते तेच तेथे होते. "अब्दुलभाई," ते कुजबुजले, "चला." तेही माइकवर ऐकू गेले, आणि तेही लोकांना सचिवाचे घाबरणे वाटले.

अब्दुलभाईंनी बोटांकडे पाहिले.

"एक," ते म्हणाले. आणि मग, अगदी हळू, "आई आता जागा घेत नाही."

मांडव फुटायचा बाकी राहिला. ज्यांनी प्रहसन चार चार वेळा पाहिले होते त्यांना वाटले, वाक्य बदलले. शिट्ट्या वाजल्या. अब्दुलभाई स्टेजच्या पायऱ्या उतरून प्रेक्षकांमधूनच चालू लागले. हा नवा शेवट आहे असे समजून लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. धर्मराज शाल घेऊन मागे धावले. "अहो अब्दुलभाई, सत्कार राहिला! पाहुणे निघतायत!" आणि चालत्या माणसाच्या खांद्यावर त्यांनी शाल टाकली. फोटोग्राफरने फ्लॅश मारला.

विनायकराव स्टेजवरून ओरडले, "अरे, त्याची आई गेली आहे! आई गेली आहे त्याची!"

लोक हसले. खोट्या मिशा, कपाळावर घाम, हातवारे. सचिव ओरडतो आहे, तर हसायचेच. विनायकरावांनी मिशा ओढून काढल्या, वरच्या ओठाची कातडी सोलली, रक्त आले. "ऐका! खरं सांगतोय!" पुढचे लोक अजून हसतच होते. मागच्या रांगेत कोणीतरी बाई एकदम गप्प झाली. मग तिच्या शेजारची. ती शांतता मागून पुढे सरकत आली, पण पुढे पोहोचेपर्यंत अब्दुलभाई मांडवाबाहेर गेले होते. दाराशी नावेद खुर्चीवरून उठला. दोघांनी एकमेकांना मिठी मारली नाही. दोघे नुसते चालू लागले.

विनायकराव मागोमाग पोहोचले. त्यांना दारातच कळले की चमचा आफरीनने, अब्दुलभाईंच्या बायकोने, घातला. ती तासभर फोन लावत होती. फोन खुर्चीखाली बंद पडून होता. शेवटी ती आत वळली तेव्हा म्हातारी दाराकडेच बघत होती. "अब्दुल आला का?" असे तिने दोनदा विचारले. दुसऱ्यांदा आफरीनने "आले" म्हणून सांगितले.

रात्रीच्या इशाच्या नमाजानंतर जनाजा निघाला. विनायकराव कब्रस्तानात एका बाजूला उभे राहिले. त्यांच्या ओठावर वाळलेले रक्त होते. कबरीत माती टाकण्याची वेळ आली तेव्हा अब्दुलभाईंनी त्यांना हाताने जवळ बोलावले. "टाका, साहेब," एवढेच म्हणाले. विनायकरावांना दिलेल्या शब्दाबद्दल बोलायचे होते. अब्दुलभाईंनी ते बोलू दिले नाही. मान हलवली आणि मूठ भरून त्यांच्या हातात माती दिली.

मंडळाने आठवड्याने शोकसभा घेतली. पुन्हा शाल होती. अब्दुलभाई गेले नाहीत.

ते पुन्हा स्टेजवर आले नाहीत. मात्र खरा बदल विनायकरावांना दुकानात समजला, पावसाळा उलटून गेल्यावर. एक सज्जन कुकर घेऊन आले होते. ओळखून ते खुश झाले.

"तुम्ही ते अब्दुलभाई ना? काय शेवट लिहिला होतात हो! मी घरी सगळ्यांना करून दाखवतो. किती वेळ थांबलात! आमचं पोट—"

"रबर गेलाय, चाळीस रुपये, उद्या संध्याकाळी मिळेल," अब्दुलभाई म्हणाले.

त्या गृहस्थाचे वाक्य संपायच्या आत म्हणाले. तो जरा बावरला, पुन्हा हसून काही बोलू लागला. "शिटी पण बदलतो, दहा रुपये वेगळे. पावती ही घ्या." पुन्हा मध्येच. तो गेला.

विनायकराव स्टुलावर बसून पाहत होते. त्यांनी तासभर पाहिले. गिऱ्हाइकाने तोंड उघडले की उत्तर. प्रश्न संपण्याआधी उत्तर. "किती—" "साठ." "हे चालेल का—" "चालेल." बोलण्यात श्वासापुरतीही जागा नाही. ज्या माणसाने एका गावाला थांबण्याचे वैभव दाखवले, तो आता क्षणभरही थांबत नव्हता. थांबलो तर कोणीतरी हसेल, ही एकच भीती त्याच्या जिभेवर बसली होती.

"अब्दुलभाई," विनायकराव म्हणाले, "घरी सगळे—"

"ठीक आहेत," अब्दुलभाई म्हणाले, आणि पुढचा कुकर हातात घेतला.